साडूच्या पुढं

बानाबाईच्या घरात टीव्हीच्या वर एक खिळा होता आणि त्या खिळ्याला त्रिंबकचं मेडल लटकायचं. शहरातल्या अर्ध्या मॅरेथॉनचं. जावयानं स्वतः आणून दिलेलं, म्हणून बानाबाई आल्यागेल्याला ते दाखवायची. त्याची निळी फीत तिच्या हाताळण्यानं पार मळून गेली होती. एका दिवाळीला त्रिंबक बायकोला, सुकेशनीला, घेऊन गंगापूरजवळच्या त्या गावी सासुरवाडीला गेला, तर खिळ्याला तीन मेडलं. वरची दोन नवीकोरी, पिवळ्याधमक फितींची. त्याचं कुठंतरी खाली दबलेलं.

"मामी, हे कुणाचे?" त्यानं विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"धाकल्या जावयाचे की," बानाबाई चुलीवरून म्हणाली. "रामप्रसाद लई पळाया लागलाय म्हणं आता. तुम्हीच शिकीवलं ना त्याला?"

"व्हय," त्रिंबक म्हणाला. "मीच."

त्या दिवाळीला पुरणपोळी त्याच्या घशाखाली नीट उतरली नाही.

त्रिंबक शहरात मुकुंदवाडीत राहायचा, रेल्वे स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत तो प्रेस मशीन चालवायचा. वय चव्वेचाळीस, अंगानं काटकुळा, चालताना पाय टाकायची पद्धत अशी की मागून बघणाऱ्याला वाटावं, हा आत्ता पळत सुटेल. त्याचा बाप मेंढरं वळायचा. पोरपणी त्रिंबक मेंढरांमागं कोसकोस हिंडला होता. कातरणीच्या आधी मेंढरं नदीत धुवावी लागतात. बाप एकेक मेंढरू डोहात ढकलायचा आणि त्याच्यामागं त्रिंबकलाही. तिथंच तो पोहायला शिकला. पुढं मेंढरं गेली, त्रिंबक शहरात आला, नोकरीला लागला. पण पायांना चैन पडेना, म्हणून पहाटे उठून विमानतळाच्या भिंतीकडेनं पळायला लागला. गल्लीत त्याला पळणारा माणूस म्हणायचे. नात्यागोत्यात तर तो एकटाच होता असा. लग्नकार्यात कुणीतरी हटकून म्हणायचं, "आमचे त्रिंबकराव मॅरेथॉन पळतात बरं." मग तो मान खाली घालून "कशाचं काय" म्हणायचा आणि आतून फुलायचा.

सुकेशनीची धाकटी बहीण दिपाली त्याच शहरात, पुंडलिकनगरात दिलेली. तिचा नवरा रामप्रसाद. त्याची पशुखाद्याची एजन्सी होती. माणूस मोठ्या आवाजाचा, मोठ्या पोटाचा आणि त्याहून मोठ्या हसण्याचा. कुणाच्या घरी गेला तर रिकाम्या हातानं जायचा नाही. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायचा, पोरांना खांद्यावर घ्यायचा. दिपाली त्रिंबकला दाजी म्हणायची, म्हणून तोही दाजीच म्हणायचा. त्रिंबक त्याला पाव्हणं म्हणायचा.

तर त्या दिवाळीच्या दोनेक वर्षं आधी या पाव्हण्याला शुगर निघाली. डॉक्टरांनी तंबी दिली. दिपाली रडत बहिणीकडं आली आणि त्रिंबकनंच पुढाकार घेतला. "उद्यापासून माझ्यासंगं पळायचं," असं म्हणून त्यानं रामप्रसादला पहाटे उठवलं. पहिल्या दिवशी रामप्रसाद विजेच्या चार खांबांपर्यंत पळाला आणि रस्त्याच्या कडेला बसून ओकला. त्रिंबकनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. खरं सांगायचं तर ते पहिले सहा महिने त्रिंबकच्या आयुष्यातले फार सुखाचे होते. तो पुढं पळायचा, थांबायचा, मागं वळून बघायचा, धापा टाकत येणाऱ्या साडूला म्हणायचा, "सावकाश पाव्हणं, सावकाश." सगळ्यांना सांगत फिरायचा की मी याला माणसात आणलं.

मग रामप्रसादचं पोट गेलं. पोटाखाली कसले पाय दडले होते देव जाणे, पण ते पाय एकदा मोकळे झाले ते थांबेचनात. दौलताबादच्या चढावर एका सकाळी तो त्रिंबकच्या बाजूनं बोलत बोलत पुढं निघून गेला. बोलत बोलत! त्रिंबकच्या तोंडून शब्द फुटत नव्हता आणि हा कपाशीवर यंदा पडलेल्या किडीविषयी सांगत होता. वर पोचल्यावर रामप्रसाद थांबला, मागं वळला आणि मनापासून म्हणाला, "सावकाश दाजी, सावकाश."

त्या दिवसापासून त्रिंबकच्या पोटात दुखायला लागलं.

हे दुखणं तो कुणाला सांगू शकत नव्हता. रामप्रसाद कुठं किती पळाला हे मोबाइलमधल्या ॲपवर दिसायचं. डोळे उघडले की त्रिंबक आधी तेच बघायचा. अंगठा दाबून शाबासकी द्यायची पद्धत होती, तर हा मुद्दाम दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत अंगठा दाबायचा नाही. साडूच्या पायात भारी बूट आले तेव्हा म्हणाला, "बुटांनी कुठं पळणं येतंय?" आणि त्याच आठवड्यात दुकानात जाऊन तसलेच बूट पायात घालून, आरशात बघून, परत ठेवून आला. एकदा रामप्रसादला ताप आला. दिपालीचा फोन सुकेशनीला आला, तेव्हा त्रिंबक जेवत होता. त्यानं एक भाकरी जास्तीची मागून घेतली.

सुकेशनीच्या नजरेतून ते सुटलं नाही. "तापाची बातमी ऐकून भूक वाढल्याली मी पयल्यांदाच बघते," ती म्हणाली.

"कामाचं लोड व्हतं आज," त्रिंबक म्हणाला.

अशात पळणाऱ्यांच्या ग्रुपवर सुलेखा मॅडमचा निरोप आला. या मॅडम शाळेत शिकवायच्या आणि ग्रुपचा सगळा कारभार त्याच बघायच्या. बायपासच्या पलीकडं एका कॉलेजात छोटी ट्रायथलॉन होणार होती. आधी तिथल्या तरणतलावात साडेसातशे मीटर पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसून वीस किलोमीटर मारायचे, सायकल टाकून पाच किलोमीटर पळायचं, सगळं सलग, मध्ये विसावा नाही. रविवारच्या चहाच्या टपरीवर त्यावर चर्चा झाली. रामप्रसाद हात जोडून म्हणाला, "आपल्याच्यानं नाय होणार मॅडम. पाणी म्हणलं की माझे पाय गार. बादलीच्या पुढं मी पाणी बघितलं नाय."

सगळे हसले. त्रिंबकनं चहाचा पेला खाली ठेवला. "माझं नाव लिवा," तो म्हणाला.

कितीतरी महिन्यांनी त्याला त्या रात्री गाढ झोप लागली.

पण दोनच दिवसांनी रामप्रसाद पेरू घेऊन मुकुंदवाडीला आला. पेरूची पिशवी सुकेशनीच्या हातात देत म्हणाला, "दाजी, मीबी नाव दिलं. तुम्ही हायेत म्हणून दिलं. मला पवायला शिकवा."

त्रिंबकच्या तोंडचं पाणीच पळालं. नाही म्हणावं तर कसं म्हणणार? सुकेशनी समोर उभी. "शिकीवतील की," तीच म्हणाली. "मेंढरांना शिकीवलं त्यांनी, तुम्ही तर माणूस."

करमाडच्या बाजूला ओळखीच्या एकाच्या शेतात पायऱ्यांची विहीर होती. रविवारी दोघं तिथं गेले. त्रिंबकनं साडूच्या पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधला, कमरेला दोर बांधला, दोराचं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं आणि त्याला पाण्यात सोडलं. हात कसे मारायचे ते दाखवलं. पाय कसे हलवायचे ते दाखवलं. रामप्रसाद भीतीनं पांढरा पडलेला, तरी सांगितलं तसं करत होता. तोंड पाण्यात घालायचा, चार हात मारायचा आणि गुदमरून वर यायचा. डोळे लाल, नाकातून पाणी.

त्याचं काय चुकतंय ते त्रिंबकला पहिल्याच फेरीत कळलं होतं. रामप्रसाद दम कोंडून धरत होता. पाण्यात तोंड असताना दम सोडून द्यायचा असतो, म्हणजे तोंड वर आल्यावर नुसता आत घ्यायला वेळ मिळतो. बापानं डोहात उभं राहून त्याला पहिली गोष्ट हीच शिकवली होती, तोंड पाण्यात गेलं की फुंकर मार. एका वाक्याचं काम होतं.

रामप्रसाद पायरीला धरून खोकत होता. "दाजी, तुम्हाला दम कसा पुरतो हो एवढा?"

त्रिंबकनं दोराचा पीळ सोडवला. "सवयीनं पुरतो," तो म्हणाला.

पुढचे दोन रविवारही तसेच गेले. साडू पाणी पीत राहिला, स्वतःलाच शिव्या देत राहिला, "माझ्या छातीतच दम नाय," म्हणत राहिला. त्रिंबक वर बसून "जमंल, जमंल" म्हणायचा. घरी येताना मोटारसायकलवर मागं बसलेला रामप्रसाद गप्प असायचा. त्या गप्प बसण्याचं त्रिंबकला वाईट वाटायचं आणि गोडही वाटायचं. चौथ्या रविवारी रामप्रसादचा फोन आला, एजन्सीचं काम निघालंय, येणं होणार नाही. त्यानंतर त्यानं पोहण्याचं नावच काढलं नाही. त्रिंबकनंही विचारलं नाही. त्याला वाटलं, सुटला विषय.

स्पर्धेच्या सकाळी तो कॉलेजच्या तलावावर पोचला, तर रामप्रसाद डोक्याला रबरी टोपी घालून, दंडावर नंबर लिहून घेऊन, काठावर बसला होता. पलीकडच्या पायऱ्यांवर दिपाली आणि तिच्याशेजारी साक्षात बानाबाई. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली. रामप्रसाद आदल्या दिवशी गंगापूरला जाऊन तिला गाडीतून घेऊन आला होता. सुकेशनी त्रिंबकबरोबर आलेली, ती धावतच आईकडं गेली. त्रिंबकच्या मनात मात्र एवढंच आलं, मामीला आणायचं मला का नाय सुचलं?

"पाव्हणं, तुम्ही?" तो म्हणाला.

"बघू तरी," रामप्रसाद म्हणाला. नेहमीसारखा हसला नाही. पाण्याला भ्यालाय, असं त्रिंबकनं धरून घेतलं.

शिट्टी वाजली. त्रिंबकनं उडी घेतली आणि पाणी अंगाला लागताच तो सगळं विसरला. त्याचं पोहणं दिसायला काही सुंदर नव्हतं. डोकं वर, हात रुंद, बेडकासारखे पाय. पण त्यात दम होता. शेजारच्या रांगेतली जीममधली पोरं सुरुवातीला तीरासारखी गेली आणि अर्ध्यात ढेपाळली. हा आपला एका लयीत जात राहिला. एक फेरी संपवून भिंतीला हात लावायला आला, तर शेजारच्या रांगेत रामप्रसाद भिंत धरून उभा. खोकत होता. तोंड लाल झालेलं. जीवरक्षक पोरगा काठावरून वाकून त्याला विचारत होता, "काका, बाहेर येता का?"

रामप्रसादनं त्रिंबककडं बघितलं.

त्या घडीला त्रिंबकच्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं. त्याला वाटलं, ये बाहेर. मामीच्या समोर, दिपालीच्या समोर, ये ओला होऊन बाहेर आणि बस. भिंतीला पाय लावून त्यानं जोरात रेटा दिला आणि पुढं निघाला. पुढची फेरी तो जन्मात पोहला नाही असा पोहला.

बाहेर आला तेव्हा त्याच्या पुढं मोजकीच माणसं होती. वर चढता चढता त्यानं वळून बघितलं. रामप्रसाद बाहेर आला नव्हता. पाण्यातच होता, पोहत होता. संथ, पण तोंड पाण्यात घालून, नीट कुशीवर वळून दम घेत, हात लांब टाकत. कुठंही घाई नाही. त्रिंबक दोन पळं तिथंच थबकला. हे कुठं शिकला हा? पायऱ्यांवरून बानाबाई ओरडली, "त्रिंबकराव, पळा की! बघत काय बसलाव!"

सायकलवर बसला तरी ते पोहणं त्याच्या डोळ्यापुढून हलेना. सायकल कंपनीतल्या मित्राची होती, गिअरची पण जड. बीड बायपासनं झाल्टा फाट्याच्या दिशेनं जायचं आणि परत फिरायचं. रस्त्याच्या एका कडेला नारिंगी शंकू लावलेले, पलीकडून उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रक. समोरून वारा. त्रिंबक दर थोड्या वेळानं मान वळवून मागं बघायचा. मागं बघितलं की सायकल वाकडी जायची, पुन्हा लय धरायला पायांना त्रास व्हायचा. एका स्वयंसेवक मुलीनं ओरडून सांगितलं, "काका, पुढे बघा!" तरी त्याची मान ऐकेना. फाट्यावरून परत फिरल्यावर समोरून येणाऱ्यांत त्याला साडू दिसला. अजून बराच मागं होता, पण सायकलवर असा पसरून बसला होता जणू खाटेवर पडलाय. जाता जाता त्यानं हात वर केला. त्रिंबकनं न दिसल्यासारखं केलं.

सायकल टाकून तो पळायला लागला, तर पाय त्याचे राहिलेच नव्हते. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडाचे होतात हे त्याला सुलेखा मॅडमनी सांगितलं होतं, पण इतके? बाकी सगळं पार पाडलं आणि आता पळणं, त्याचं स्वतःचं पळणं, तेच त्याला सोडून चाललं होतं. कॉलेजच्या मागच्या रस्त्यानं, बांधकामावरच्या वाळूच्या ढिगांवरून, नव्या प्लॉटिंगच्या पाट्यांसमोरून तो ओढत ओढत निघाला. ऊन चढलेलं. मागं पावलं वाजली. ती पावलं त्यानं न बघता ओळखली. इतकी वर्षं ऐकलेली पावलं.

"चला," रामप्रसाद त्याच्या बरोबरीला येऊन म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढं."

"नाय. संगं जाऊ. मामी उभ्या हायेत लायनीवर. दोघं हात धरून जाऊ. बरं वाटंल त्यांना."

आणि त्यानं खरंच आपली चाल कमी केली. त्रिंबकच्या चालीला चाल लावली. सहज. मोठा माणूस लहान पोरासाठी चालतो तसा. त्रिंबकच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हरवलं असतं तर परवडलं असतं. ही दया कुणी मागितली होती? पण त्याला नाही म्हणवेना, कारण त्या बरोबर पळण्यानंच त्याचे पाय जरा जागे झाले होते. साडूच्या पावलांच्या ठेक्यावर तो पळत राहिला. पाण्याच्या टेबलावर रामप्रसादनं दोन पेले उचलले, एक याच्या हातात दिला. तो त्यानं घेतला, प्यायला, डोक्यावर ओतला.

कॉलेजची कमान दिसली. कमानीच्या आत रांगोळी, ढोल आणि माणसं. बानाबाईचं हिरवं लुगडं लांबूनच दिसत होतं. रामप्रसादनं हात पुढं केला.

त्रिंबकनं तो हात बघितला, आणि पळाला. होतं नव्हतं ते सगळं पायात आणून, दात खाऊन, साडूचा हात तसाच हवेत ठेवून पुढं पळाला. लाइन ओलांडली, गुडघ्यावर कोसळला. त्याच्यामागून रामप्रसाद आला. सावकाश, शेवटपर्यंत त्याच चालीनं.

चाळिशीच्या वरच्या गटात त्रिंबक तिसरा आला. रामप्रसाद चौथा. तिसऱ्यापर्यंत ढाल मिळत होती.

मंचावर त्रिंबकनं ढाल घेतली तेव्हा टाळ्या पडल्या. रीतीपुरत्या वाजवायच्या तेवढ्याच. मग माइकवरून सुलेखा मॅडम म्हणाल्या, "आणि एक टाळी आपल्या रामप्रसादजींसाठी! दोन महिन्यांपूर्वी यांना पोहता येत नव्हतं, आणि शेवटच्या दोन किलोमीटरला यांनी आपल्या साडूंना सोबत दिली, सगळ्यांनी बघितलंय." मग जे टाळ्यांचं मोहोळ उठलं, त्यात ढोलवाल्यानंही हात मारून घेतला. बानाबाई लोकांतून वाट काढत आली. तिनं आधी रामप्रसादच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मग त्रिंबकच्या हातातली ढाल बघून म्हणाली, "चांगली हाय. तुमच्या धाकल्या साडूनं वाट बघितली तुमची, व्हय ना?"

ढाल त्याच्याच हातात होती. तरी त्याला साडूचा हेवा वाटत होता.

माणसं पांगल्यावर दोघं सायकली आणायला गेले. सायकलींच्या रांगेत कुणी नव्हतं. रामप्रसाद आपल्या सायकलचं हँडल धरून उभा राहिला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "मी मागनं तरणतलावावर नाव घातलं. ल्हान ल्हान पोरांच्या बॅचला. मोठ्यांची बॅच भरल्याली. पयल्या दिवशी तिथल्या उस्तादनं मला बघितलं आणि म्हणला, 'अरे भाई, पानी में हवा छोडो, पकडके काय को रखते? किसने सिखाया तुमको?' अर्ध्या तासात मला जमलं. अर्ध्या तासात." तो थांबला. "तुम्ही मला ते का नाय सांगितलं?"

'मला वाटलं तुम्हाला ठाऊक असंल,' असं म्हणता आलं असतं. त्रिंबकनं ते वाक्य तोंडात आणलंही होतं. पण समोर जो माणूस उभा होता तो हसत नव्हता आणि त्याचा चेहरा न हसता कसा दिसतो हे त्रिंबकनं आजवर बघितलंच नव्हतं.

"मुद्दाम," तो म्हणाला. "जळत व्हतो तुमच्यावर."

"माझ्यावर?" रामप्रसादला खरंच कळलं नाही. "काय हाय माझ्याकडं?"

"पाय हायेत. लोक हायेत. मामी हाय." त्रिंबकनं दुसऱ्या हातानं स्वतःचं मनगट धरलं. "मी दोर धरून व्हतो पाव्हणं. बुडू दिलं नसतं."

"ते ठाऊक हाय मला," रामप्रसाद म्हणाला. "म्हणून तर त्या दोरावर भरोसा ठिवून उतरलो. नायतर मी विहिरीत पाय घालणारा माणूस नव्हतो." त्यानं सायकल फिरवली. "येतो त्रिंबकराव."

घरी आल्यावर त्रिंबकनं सुकेशनीला सगळं सांगितलं. तिला दिपालीकडून कळण्याआधी आपण सांगावं, एवढीच अक्कल त्याला सुचली. ती भांडी घासत होती. हात तसेच साबणात ठेवून तिनं ऐकलं.

"माझ्या बहिणीचं कुंकू व्हतं त्या दोराला," ती म्हणाली. बरेच दिवस ती कामापुरतंच बोलली. ढाल तिनं कपाटावर ठेवली नाही, फेकलीही नाही. जिथं त्यानं ठेवली होती तिथंच, पिठाच्या डब्याशेजारी, पडून राहिली.

पाऊस आला, गेला. त्रिंबक एकटाच पळत राहिला. भिंतीकडेनं, रोजच्या रस्त्यानं. पहिले काही दिवस त्याला वाटलं, बरं झालं, आता कुणाच्या पुढं नाही कुणाच्या मागं नाही. पण एकटं पळताना त्याच्या लक्षात आलं की तो सारखा मागं वळून बघतोय. रस्ता मोकळा असायचा. ॲपवर रामप्रसादचं पळणं दिसतच होतं. आता त्रिंबक दिसल्या दिसल्या अंगठा दाबायचा. उलट अंगठा येत नव्हता. एकदा दिपाली मुकुंदवाडीला आली, त्याच्या हातचा चहा घेतला, जाताना दाजी म्हणाली नाही, नुसती "येते" म्हणाली. दोनदा तो पुंडलिकनगरच्या चौकापर्यंत जाऊन परत आला. एजन्सीच्या शटरसमोर माणसांची गर्दी असायची, आणि गर्दीत साडू मोठ्यानं हसत असायचा. त्या हसण्याचाही त्याला हेवा वाटला. माझ्यावाचून काय अडलंय याचं?

थंडी पडायला लागली तेव्हा एका सकाळी दार वाजलं. रामप्रसाद. हातात पेरू नव्हते.

"पुढच्या रविवारी धरणाच्या पाण्यात जायचं ठरलंय," तो दारातूनच म्हणाला. "मॅडमचा ग्रुप हाय. होडी राहणार हाय संगं. पण ते तलावावाणी नाय, तळ दिसत नाय. मला पुढं पोहणारा ओळखीचा माणूस पायजे."

त्रिंबक उंबऱ्यापर्यंत आला. "माझ्यावर भरोसा हाय का तुमचा?"

"नाय," रामप्रसाद म्हणाला. "म्हणून तर पुढं पवा म्हणतो. डोळ्यासमोर राहाल."

आतून सुकेशनी म्हणाली, "आत या पाव्हणं. दारात उभं राहून काय बोलता?" तो आत आला, बसला, चहा प्यायला. कपाशीच्या भावावर थोडं बोलला. ढालीकडं त्याची नजर गेली असेल तर त्यानं तसं दाखवलं नाही.

रविवारी धरणाचं पाणी राखाडी आणि गार होतं. काठावर चिखल, लांबवर कोळ्यांच्या जाळ्यांचे डबे तरंगत होते. त्रिंबक आधी उतरला. दहा हात पुढं गेला, थांबला, उभ्यानं पाय मारत वळला. "पायाखाली गवत लागतंय इथं. घाबरू नका, गुतत नाय. डावीकडून या," त्यानं ओरडून सांगितलं. मग गार पाण्याचा पट्टा आला ते सांगितलं. वाऱ्यानं लाट कुठल्या बाजूनं मारतेय ते सांगितलं, दम कुठल्या कुशीला घ्यायचा ते सांगितलं. इतकं सांगितलं की शेवटी रामप्रसाद पाण्यातून डोकं वर काढून म्हणाला, "आता गप बसा अन् पवा."

खुणेच्या झाडापर्यंत जाऊन दोघं परत आले. काठावर सुलेखा मॅडम टॉवेल घेऊन उभ्या होत्या. त्यांनी रामप्रसादकडं बघून तोंड भरून कौतुक केलं, "काय सुंदर हात पडतो हो तुमचा! बघत राहावंसं वाटतं." मग त्रिंबककडं वळून म्हणाल्या, "तुम्हीही छान."

त्रिंबक चिखलात बसून पायाला चिकटलेलं गवत काढत होता. छातीत तीच ओळखीची कळ आली. गेली असेल असं त्याला वाटलं होतं. कुठली जातेय?

"पाव्हणं," तो म्हणाला, "परत जळलं बरं का आत्ता."

रामप्रसाद अंग पुसता पुसता थांबला. त्यानं साडूकडं नीट निरखून बघितलं, आणि मग जो हसला, तो होडीवाला कोळीही वळून बघायला लागला. हसता हसता त्यानं हातातला ओला टॉवेल त्रिंबकच्या अंगावर फेकला आणि दिपालीनं बांधून दिलेला पिठलं-भाकरीचा डबा सोडायला बसला.